टर्बोचार्ज्ड मोटारीचे ड्रॅग शर्यतीसाठी रूपांतर : शक्ती, पकड आणि मर्यादा यांचे विवेचन

सारांश

रस्त्यावर चालणाऱ्या टर्बोचार्ज्ड मोटारीत बदल करून ती ड्रॅग शर्यतीसाठी सिद्ध करणे हा जगभरातील तरुणांच्या आवडीचा विषय आहे. या रूपांतराचा विचार बहुधा 'इंजिनची शक्ती किती वाढली' या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. प्रस्तुत लेखात टोयोटा सुप्रा (ए-८०) या मोटारीचे उदाहरण घेऊन या प्रक्रियेमागील भौतिकशास्त्राचे विवेचन केले आहे. शक्तीची प्रत्येक वाढ साखळीतील पुढच्या दुव्यावर भार टाकते आणि रूपांतराची खरी सुरुवात इंजिनपासून नव्हे तर टायरपासून होते, हे साध्या गणनाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

सूचक शब्द : टर्बोचार्जर, ड्रॅग शर्यत, त्वरण, घर्षणांक, नॉकिंग, सुरक्षितता.

१. प्रस्तावना

काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाचा एक माजी विद्यार्थी भौतिकशास्त्र विभागात भेटीस आला होता. पदवीनंतर त्याने मोटारदुरुस्तीचा व्यवसाय पत्करला आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला एक पिस्टन त्याने टेबलावर ठेवला. पिस्टनच्या माथ्यालगतच्या दोन खाचांमधील, म्हणजे रिंगा जिथे बसतात त्या भागातील, धातूची कड तुटलेली होती. एका लहान टर्बो पेट्रोल मोटारीच्या नियंत्रक संगणकात फेरफार करून टर्बोचा दाब वाढविण्यात आला होता. इंधनपुरवठा, शीतकरण, क्लच, टायर यांपैकी कशालाही हात लावलेला नव्हता. "सर, ताकद तर वाढली होती. मग चुकलं कुठे? आता मोठा टर्बो बसवू का?" असे त्याचे दोन प्रश्न होते.

प्रस्तुत लेख हा त्या दोन प्रश्नांचे सविस्तर उत्तर होय. विषय यंत्र अभियांत्रिकीचा वाटला तरी त्याचा पाया बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे. शिवाय आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या खिशाशी आणि जिवाशी त्याचा संबंध आहे. म्हणून विज्ञानेतर शाखांच्या प्राध्यापकांनाही तो समजावा, अशा पद्धतीने मांडणी केली आहे.

२. ड्रॅग शर्यतीचे स्वरूप

ड्रॅग शर्यत म्हणजे दोन वाहनांनी स्थिर अवस्थेतून निघून सरळ पट्टीवर ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापणे. परंपरेने हे अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, जुन्या मोटारी सुधारून रस्त्यांवर पळविण्याचे वेड पसरले. ते रस्त्यावरून हटवून बंदिस्त जागेत, नियमांच्या चौकटीत आणावे या हेतूने वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. या संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली. या क्रीडाप्रकाराचा जन्मच सुरक्षिततेच्या विचारातून झाला, ही बाब येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या शर्यतीत दोन नोंदी महत्त्वाच्या मानल्या जातात. पहिली, अंतर कापण्यास लागलेला वेळ. दुसरी, अंतिम रेषेजवळचा वेग. वरवर पाहता दोन्ही नोंदी एकच गोष्ट सांगतात असे वाटते. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. हा मुद्दा पाचव्या विभागात स्पष्ट होईल.

उदाहरण म्हणून येथे टोयोटा सुप्राची ए-८० ही पिढी निवडली आहे. १९९३ मध्ये बाजारात आलेल्या या मोटारीचे उत्पादन २००२ मध्ये थांबले. तिच्या टर्बो प्रकारात २जेझेड-जीटीई हे सहा सिलिंडरांचे, २९९७ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन होते. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा फेरा दोन्ही ८६ मिलिमीटर, संपीडन गुणोत्तर ८.५ : १, इंजिनचा ठोकळा ओतीव लोखंडाचा आणि क्रँकशाफ्टला सात आधार. जपानमध्ये या इंजिनाची शक्ती २८० अश्वशक्ती घोषित केलेली होती, कारण त्या काळी तेथील उत्पादकांनी आपसांत तेवढी कमाल मर्यादा पाळण्याचे ठरविले होते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारीत ती ३२० अश्वशक्ती होती. ठोकळ्याच्या मजबुतीमुळे हे इंजिन मूळच्या दुप्पट शक्ती पेलू शकते असा रूपांतर करणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणूनच ही मोटार या क्षेत्रात जवळजवळ पाठ्यपुस्तकासारखी मानली जाते.

३. टर्बोचार्जरचे कार्य

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग धुरावाटे वाया जातो. या धुराच्या झोताने एक टर्बाइन फिरवावी, त्याच दांड्यावर बसविलेल्या कॉम्प्रेसरने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, ही टर्बोचार्जरची कल्पना. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचे एकस्व घेतले. प्रवासी मोटारीत ती १९६२ मध्ये अमेरिकेत प्रथम आली.

इंजिनची शक्ती ही शेवटी त्यात किती इंधन जळते यावर, आणि इंधन किती जळेल हे किती हवा आत जाते यावर अवलंबून असते. पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणून शक्ती वाढविणे म्हणजे हवेचे वस्तुमान वाढविणे. येथे 'दाब' आणि 'वस्तुमान' यांतील भेद महत्त्वाचा आहे. माझ्या विद्यार्थ्याने दाब वाढविला होता आणि तेवढ्याच प्रमाणात हवा वाढली असे गृहीत धरले होते.

हवा दाबली की तापते. बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरू. निरपेक्ष दाब वातावरणाच्या १.८ पट केल्यास हवा सुमारे १०७ अंशांपर्यंत तापते. दाब २.५ पट केल्यास ती १५६ अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे पहिल्या स्थितीत हवेची घनता बाहेरच्या हवेच्या १.४४ पट आणि दुसऱ्या स्थितीत १.७७ पट भरते. दाब ३९ टक्क्यांनी वाढला, पण हवा मात्र २३ टक्क्यांनीच वाढली. उरलेली मेहनत केवळ हवा तापविण्यात गेली.

याच कारणाने टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, बसवितात. २.५ पट दाबाची हवा त्यातून ५० अंशांपर्यंत थंड केली, तर तिची घनता २.३ पटींहून अधिक होते. मोठा इंटरकूलर ही शोभेची वस्तू नसून तो टर्बोइतकाच शक्तीचा स्रोत आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

सुप्राच्या मूळ रचनेत दोन लहान टर्बो क्रमाने काम करीत. पहिला कमी फेऱ्यांना सक्रिय होई आणि इंजिन मिनिटास सुमारे ४००० फेऱ्यांवर गेले की दुसरा त्याला येऊन मिळे. शहरात चालविण्यासाठी ही योजना उत्तम होती. शर्यतीसाठी मात्र हे दोन टर्बो काढून एकच मोठा टर्बो बसविण्याची प्रथा आहे. मोठा टर्बो अधिक हवा देतो, परंतु उशिरा जागा होतो. एकाच आकाराची चक्रे प्रमाणात मोठी करीत गेल्यास त्यांचे जडत्वाघूर्ण व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास दीडपट केला तर चक्र फिरविण्याचा विरोध सुमारे साडेसात पट होतो. चालकाने प्रवेगक दाबणे आणि प्रत्यक्ष शक्ती मिळणे यांत जो विलंब जाणवतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. शर्यतीत मोटार उभी असतानाच इंजिनच्या फेऱ्या एका पातळीवर रोखून व ठिणगी उशिरा पाडून टर्बो आधीच फिरता ठेवतात. रस्त्यावर अशी सोय नसते. म्हणजे जो टर्बो शर्यतीत गुण ठरतो, तोच रोजच्या वापरात दोष ठरतो.

४. इंधन आणि नॉकिंग

हवा वाढली की इंधनही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे. टर्बो पेट्रोल इंजिनास पूर्ण भारावर दर अश्वशक्तीस ताशी सुमारे २७० ग्रॅम इंधन लागते असे धरू. ६४० अश्वशक्तीसाठी ताशी सुमारे १७३ किलोग्रॅम पेट्रोल लागेल. सहा इंजेक्टरांत ते विभागले तर प्रत्येकास मिनिटाला सुमारे ६५० घन सेंटिमीटर इंधन द्यावे लागेल. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. साधारण ८५ टक्के वेळ उघडा राहावा, ही सुरक्षित मर्यादा मानतात. म्हणून त्याची क्षमता ७६५ घन सेंटिमीटरच्या आसपास हवी. अमेरिकी सुप्राचे मूळ इंजेक्टर मिनिटाला ५५० घन सेंटिमीटरचे होते. त्यांच्या भरवशावर ४५० अश्वशक्तीच्या पुढे जाणे म्हणजे इंधनाविना हवा जाळू पाहणे होय. मोठे इंजेक्टर, त्यांना पुरेल असा पंप आणि या सर्वांचे गणित नव्याने मांडणारा नियंत्रक संगणक या तिन्ही गोष्टी टर्बोच्या आधी यायला हव्यात.

इंधन कमी पडले तर काय होते? सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यानंतर ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने पसरली पाहिजे. परंतु दाब आणि तापमान फार वाढले, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेट घेते. दाबाच्या तीव्र लहरी पिस्टनवर आदळतात. हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. यालाच गॅरेजमध्ये 'नॉकिंग' म्हणतात. पूर्ण भारावर मिश्रण मुद्दाम समृद्ध ठेवतात, म्हणजे हवेचे १४.७ ऐवजी सुमारे १२ भाग. जादा इंधनाचे बाष्पीभवन होताना मिश्रण थंड होते. हे संरक्षण नाहीसे झाले की नॉकिंग सुरू होते. नॉकिंगमुळे पिस्टनच्या रिंगांमधील कड तुटते. मिश्रण फारच कोरडे झाले तर पिस्टनचा माथा वितळून भोकही पडते. विद्यार्थ्याने आणलेल्या पिस्टनची तुटलेली कड याच घटनेची साक्ष देत होती. त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते : दाब वाढला, तापमान वाढले, परंतु त्यांना सावरणारे इंधन वाढले नाही.

हा धडा जुना आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या आद्य टर्बो मोटारीचे संपीडन गुणोत्तर १०.२५ : १ इतके उंच होते. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारले जाई. ती टाकी भरण्याचे अनेक मालकांच्या ध्यानात राहत नसे. यंत्राने केलेली तजवीज माणसाच्या सवयीत बसली नाही आणि ही मोटार दोन वर्षांतच बंद झाली.

आज शर्यतीच्या मोटारींत एथेनॉलचे प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत असलेले इंधन लोकप्रिय आहे. एथेनॉलचा ऑक्टेन अंक उंच असतो आणि बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असतो. त्यामुळे ते सिलिंडर आतून थंड ठेवते. मात्र त्यातील ऊर्जा कमी असल्यामुळे ते सुमारे तीस टक्के अधिक लागते. म्हणजे पुन्हा इंजेक्टर आणि पंप यांची क्षमता वाढविणे आले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून तयार होणारे एथेनॉल आपल्या पेट्रोलमध्ये मिसळले जाते, पण पंपावर मिळणारे २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल आणि हे शर्यतीचे इंधन यांत गल्लत करू नये.

५. शक्ती की पकड? एक गणन

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शक्ती दुप्पट केली तर वेळ किती कमी होईल? शक्ती स्थिर आहे आणि ती पूर्णपणे गतीत रूपांतरित होते असे मानल्यास, ठरावीक अंतर कापण्याचा वेळ हा वस्तुमान भागिले शक्ती या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. घनमूळ हा शब्द येथे कळीचा आहे. शक्ती दुप्पट केली तर वेळ निम्मा होत नाही, तो सुमारे २१ टक्क्यांनीच घटतो. वेळ निम्मा करायचा तर शक्ती आठपट हवी.

हीदेखील आदर्श स्थिती झाली. सुरुवातीला मोटार जवळजवळ स्थिर असते. तेव्हा मर्यादा इंजिनची नसते, टायर रस्त्याला किती धरून ठेवतो याची असते. सुप्राची मागची चाके इंजिनने फिरतात आणि स्थिर अवस्थेत वजनाचा सुमारे ४७ टक्के भाग त्यांच्यावर असतो. मोटार पुढे झेपावते तेव्हा काही वजन मागे सरकते आणि हे प्रमाण वाढते. गुरुत्वमध्याची उंची चाकांमधील अंतराच्या एक पंचमांश धरू. रस्त्याच्या साध्या टायरचा घर्षणांक १ मानल्यास कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.५९ पट येते. सिद्ध केलेल्या पट्टीवर मऊ रबराच्या ड्रॅग टायरचा घर्षणांक १.८ मानल्यास ते १.३२ पट येते. चालकासह वजन १६३० किलोग्रॅम धरून, हवेचा रोध आणि गिअर बदलण्याचा वेळ वगळून केलेले गणन खालीलप्रमाणे :

तक्ता क्र. १ : पाव मैल अंतरासाठी ढोबळ गणन

(अ) ३२० अश्वशक्ती, साधे टायर : १२.६ सेकंद, अंतिम वेग ताशी १९९ कि.मी.
(आ) ६४० अश्वशक्ती, साधे टायर : ११.८ सेकंद, अंतिम वेग ताशी २३८ कि.मी.
(इ) ३२० अश्वशक्ती, ड्रॅग टायर : ११.२ सेकंद, अंतिम वेग ताशी २०२ कि.मी.
(ई) ६४० अश्वशक्ती, ड्रॅग टायर : ९.३ सेकंद, अंतिम वेग ताशी २५३ कि.मी.

वगळलेल्या घटकांमुळे प्रत्यक्ष वेळ यापेक्षा अधिक असतो. मूळ सुप्रास सुमारे साडेतेरा सेकंद लागत. तरीही तुलना म्हणून हे आकडे बोलके आहेत.

केवळ शक्ती दुप्पट केल्याने वेळ ०.८ सेकंदांनी घटला. केवळ टायर बदलल्याने तो १.४ सेकंदांनी घटला. दोन्ही मिळून बचत ३.३ सेकंदांची झाली, म्हणजे स्वतंत्र लाभांच्या बेरजेपेक्षा अधिक. कारण साध्या टायरवर ३२० अश्वशक्तीसुद्धा ताशी ९१ कि.मी. वेगापर्यंत पूर्णपणे वापरता येत नाही, आणि ६४० अश्वशक्ती तर ताशी सुमारे १८२ कि.मी. पर्यंत नाही. तोवर जादा शक्ती टायरचा धूर करण्यात खर्च होते.

दुसरे निरीक्षणही लक्षणीय आहे. टायर बदलल्याने अंतिम वेग जेमतेम ३ कि.मी.ने वाढला, शक्ती वाढविल्याने तो साध्या टायरवरही ३९ कि.मी.ने वाढला. म्हणजे अंतिम वेग इंजिनची शक्ती सांगतो आणि वेळ हा पकड व संतुलन सांगतो. अंतिम वेग उंच पण वेळ निराशाजनक, अशी नोंद आली तर अनुभवी माणूस इंजिनकडे पाहत नाही, मागच्या चाकांकडे पाहतो.

वजनाबाबतही हाच न्याय लागू आहे. घनमुळाच्या सूत्रात वस्तुमान दहा टक्के घटविणे हे शक्ती अकरा टक्के वाढविण्यासारखेच आहे. मागील आसन आणि जादा चाक काढण्यास खर्च येत नाही आणि इंजिनवर ताणही पडत नाही.

६. क्लचपासून अ‍ॅक्सलपर्यंत

पकड वाढली की भार पुढच्या दुव्यावर जातो. अमेरिकी सुप्राच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर आणि मागील अंतिम गिअर मिळून इंजिनचे आघूर्ण सुमारे १२ पट करतात. मूळचे ४२७ न्यूटन-मीटर आघूर्ण चाकांच्या अ‍ॅक्सलवर ५१०० न्यूटन-मीटरच्या घरात जाते. साध्या टायरवर चाक घसरते, तेव्हा ते घसरणे एक प्रकारच्या फ्यूजचे काम करते. ताण एका मर्यादेपुढे वाढतच नाही. ड्रॅग टायर लावल्यावर हा फ्यूज काढून टाकल्यासारखे होते. मग सर्वांत कमजोर भाग मोडतो : कधी क्लच घसरतो, कधी गिअरचे दात जातात, कधी अ‍ॅक्सल पिळवटून तुटतो.

म्हणून गंभीर शर्यतीसाठी अनेक तबकड्यांचा क्लच, जाड अ‍ॅक्सल आणि मजबूत डिफरन्शियल वापरतात. कित्येक सुप्रांमध्ये मूळ गिअरबॉक्स काढून जनरल मोटर्सचा १९६४ पासूनचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा तीन वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स बसविला जातो. नावात 'टर्बो' असले तरी त्याचा टर्बोचार्जरशी संबंध नाही. त्यातील द्रवयुक्त कन्व्हर्टर आघूर्णाचा धक्का पचवितो आणि गिअर बदलताना शक्ती खंडित होत नाही, त्यामुळे टर्बो फिरता राहतो. जुने आणि दिसायला मागास तंत्र येथे नव्यापेक्षा सरस ठरते, कारण ते कामास योग्य आहे.

७. सुरक्षितता आणि कायदा

तक्त्यातील पहिल्या आणि चौथ्या ओळीतील अंतिम वेगांची तुलना करता गतिज ऊर्जा सुमारे १.६ पट होते. ती सर्व ब्रेक आणि टायर यांनाच शोषावी लागते. अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या रूढ नियमांनुसार १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ नोंदविणाऱ्या चालकास शिरस्त्राण बंधनकारक आहे. जुन्या मोटारींत ११.४९ सेकंदांपासून छताखाली पोलादी संरक्षक कमान लागते. ९.९९ सेकंदांपासून पूर्ण पिंजरा आणि चालकाचा विशेष परवाना लागतो. अंतिम वेग ताशी १५० मैलांवर गेल्यास मागे हवाई छत्री हवी. म्हणजे तिथे वेग मिळविण्यापूर्वी त्याची पात्रता मिळवावी लागते.

आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हेच अधोरेखित केले. कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर बंदिस्त स्वरूपात ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, आणि या छंदाची योग्य जागा तीच. याउलट महामार्गाचा नवा मोकळा टप्पा पाहून रात्री लावल्या जाणाऱ्या शर्यतींत ना पिंजरा असतो, ना थांबण्यासाठी राखीव पट्टी, ना समोरून येणाऱ्या दुचाकीस्वारास पूर्वसूचना. ड्रॅग टायरला पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा नसतात किंवा अगदी कमी असतात. पहिल्या पावसात असे टायर घेऊन रस्त्यावर जाणे म्हणजे आत्मघात होय.

८. रूपांतराचा योग्य क्रम

वरील विवेचनावरून बदलांचा क्रम निश्चित करता येतो. तो प्रचलित क्रमाच्या बरोबर उलटा आहे.

प्रथम, इंजिन, ब्रेक आणि शीतकरण मूळ स्थितीत निर्दोष आहेत की नाही हे तपासावे. दुसरे, वजन कमी करावे आणि टायर सुधारावेत. तिसरे, क्लच, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि चालकाच्या संरक्षणाची साधने अपेक्षित भाराला साजेशी करावीत. चौथे, इंधनपुरवठा, इंटरकूलर आणि हवा-इंधन प्रमाण मोजणारी साधने बसवावीत. पाचव्या क्रमांकावर टर्बो आणि त्याचा दाब यावा. तोही एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक टप्प्यावर मोजमाप करून.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारीत उत्पादकाने प्रत्येक भागात काही राखीव क्षमता ठेवलेली असते. निकृष्ट इंधन, उन्हाळा, घाट, ओझे आणि दुर्लक्ष यांसाठी ती असते. शक्ती वाढविणे म्हणजे ही शिल्लक खर्च करणे. कोणत्या भागात किती शिल्लक आहे हे न पाहता खर्च करणारा कधी तरी दिवाळखोर होणारच.

९. निष्कर्ष

(१) ड्रॅग शर्यतीतील वेळ शक्तीच्या घनमुळाशी निगडित असल्यामुळे केवळ शक्ती वाढविण्याचा लाभ उत्तरोत्तर घटत जातो.

(२) टर्बोचा दाब वाढविणे आणि हवा वाढविणे या एकच गोष्टी नव्हेत. शीतकरण आणि इंधन यांच्या जोडीविना वाढलेला दाब इंजिनचा नाश करतो.

(३) सुरुवातीच्या अंतरात पकड ही शक्तीपेक्षा निर्णायक असते. मात्र वाढलेली पकड पुढील भागांवरील ताण वाढविते.

(४) सुरक्षिततेची साधने आणि बंदिस्त पट्टी यांचा विचार वेगानंतर नव्हे, वेगाच्या आधी करावयाचा असतो.

विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे 'मोठा टर्बो बसवू का' याचे उत्तर यातूनच निघते : आधी बाकीचे चार टप्पे पूर्ण कर, मग विचार. आणि ज्या ग्राहकाला ते परवडत नसतील, त्याला टर्बोही परवडणारा नाही, असे त्याला स्पष्ट सांग. त्याने तो तुटका पिस्टन विभागास देऊन टाकला. उष्मागतिकीच्या तासाला आता तो वर्गात फिरवला जातो. एरवी शेवटच्या बाकावर पेंगणारी मुलेही तो हातात घेऊन प्रश्न विचारतात. तरुणांचे वेगाचे आकर्षण उपदेशाने कमी होत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. त्या आकर्षणाला गणिताची जोड देणे मात्र शिक्षकाच्या हाती आहे, आणि ते काम महाविद्यालयानेच करावयाचे आहे.